रक्ताचा

“ह्यो पोरगा माझा न्हवं,” असं चारचौघांत म्हणत कडेगावच्या लालासाहेबांनी बायकोला, चंद्राबाईला, गावात कधी मान वर करू दिली नव्हती. चव्वेचाळीस साली ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात चंद्राबाईचा सोळा वर्षांचा मुलगा गुंडा घर सोडून पाटणला मामाकडे राहायला गेला. राबायला माणूस कमी पडलं, तसे लालासाहेब कोर्टात गेले.

“पोरगा अज्ञान हाय सायेब. कायद्यानं त्यानं बापाकडंच ऱ्हायला पायजे.”

मामाच्या वकिलानं विचारलं, “पण मुलगा तुमचाच ना?”

“व्हय! शपथेवर सांगतो, माझ्याच रक्ताचा हाय.”


चंद्राबाई वकिलाला म्हणाली, “ह्येच वदवून घ्यायला मी पोराला धाडलं हुतं, आता जमिनीत त्येच्या वाटणीचा दावा लावा.”