बोटभर

नवऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. पिशवीचं तोंड चिकटपट्टीने घट्ट बांधलेलं, आणि सिलिंडरच्या नळीतून वायू आत येत होता. तो कातडीतून झिरपतो, टाचेमागच्या तुटलेल्या शिरेपर्यंत रक्त ओढून आणतो, असं दवाखान्यात सांगितलं होतं.

"सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू हा," नवरा म्हणाला. "बघ, एक दिवस पायाला ढेकर येईल."

बायको हसली. पहिल्यांदा ऐकल्यावर हसली होती, तशीच. हातावर पोट असलेल्या रंगाऱ्याने विनोद तरी किती करावेत, आणि बायकोने हसावं तरी किती? सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं, हे तिला कळून चुकलं होतं. दवाखान्यानेही हे शेवटचं सिलिंडर म्हणूनच दिलं होतं.

सिलिंडर संपलं. तिने पिशवी सोडली, पाय पुसला. नवरा उठून दुखऱ्या पायावर उभा राहिला, चवड्यावर चढायला. आधाराला तिच्या खांद्यावर नुसती दोन बोटं टेकवायची, अशी ताकीद होती. त्याने हाताचा अख्खा पंजा टेकवला. मग सगळा भारच टाकला. तिचा खांदा ठणकला.

"उचलली का गं टाच?"

स्वतःची टाच माणसाला कुठे दिसते? तिने मान वळवून पाहिलं. टाच फरशीला चिकटलेली होती.

"उचलली," ती म्हणाली. "बोटभर."

तेवढ्यात धाकटा दीर आला. तिनेच त्याला बोलावलं होतं. रंगकामाची शिडी घरात राहिली तर हा माणूस एक दिवस चढणार आणि पडणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

"दादा, शिडी नेतो," दीर म्हणाला. "कामावर दुसरा माणूस घेतलाय."

"ने की. त्याला म्हणावं, जपून वापर. सोमवारपासून मी येतोच आहे. विचार तुझ्या वहिनीला, आत्ताच टाच उचलली."

दिराने वहिनीकडे पाहिलं. ती पिशवीची घडी घालत राहिली. तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

दिराने शिडी मधोमध खांद्यावर घेतली. मागचं टोक नवऱ्याने दोन्ही हातांनी धरलं, आणि लंगडत, शिडीला लोंबकळतच तो दारापर्यंत गेला. दीर भाराने वाकला.

"जड जातेय का रे?" नवरा म्हणाला. "थोडी माझ्याकडे सरकव."