सातही ठिकाणी

सळईचा पहिला घाव स्क्रीनवर बसला. काचा अशा उडाल्या की एक थेट धाकटीच्या गालात घुसली. दुसऱ्या घावाला प्रिंटरचे दोन तुकडे. आणि दार तोडून आत आलेला तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "पत्ता बदलला होता मी! तुमच्याच वेबसाइटवर! तरी अ‍ॅम्ब्युलन्स जुन्या घरी गेली! बाप माझा इकडे तडफडून मेला, आणि गाडी तिकडे कुलपासमोर उभी!"

वेबसाइट धाकटी आणि दादा या दोघा भावंडांची. बटण दाबायचं, दारात अ‍ॅम्ब्युलन्स. धाकटीनं ती आधी फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा आयता सांगाडा, घेऊन बांधली होती. पत्ता एकाच जागी लिहिलेला, तिथे बदलला की सगळीकडे बदलला. पण पान उघडायला चार सेकंद! दादाचं डोकंच फिरलं. "चार सेकंदांत माणूस मरतो गं! हे तुझं फ्रेमवर्क म्हणजे एका माणसाला न्यायला अख्खी बस!" त्यानं सगळं उपटून फेकलं, स्वतःच्या हातानं नव्यानं लिहिलं. वेग हवा म्हणून पत्त्याच्या नकला जागोजागी पेरून ठेवल्या. पान पापणी लवायच्या आत उघडायला लागलं. फक्त, पत्ता बदलला की प्रत्येक नक्कल बदलायची. एक जरी राहिली तरी संपलं.

आठ दिवसांपूर्वी ऑफिस नदीपलीकडून इथे हलवलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, "दादा, आपल्या खात्यातला पत्ता बदललास?"

"बदलला की. सातही ठिकाणी."

"सातच आहेत कशावरून? कुठेतरी लिहून ठेव ना रे."

दादानं कपाळावर बोट आपटलं. "इथे लिहिलंय."

तिसरा घाव बरोबर तिथेच बसला.

दादा खुर्चीसकट आडवा. रक्त कीबोर्डवर, वायरींवर, धाकटीच्या ओढणीवर. त्या माणसाच्या हातून सळई गळून पडली. त्यानं अंगातला शर्ट ओरबाडून काढला, दादाच्या डोक्यावर दाबून धरला आणि ढसाढसा रडायला लागला. "बघताय काय, ताई! गाडी बोलवा!"

तिनं मोबाइलवर पान उघडलं. खरंच, पापणीसुद्धा लवली नाही. बटण दाबलं. गाडी निघाल्याचा मेसेज लगेच हजर.

"दादा, डोळे मिटू नकोस. निघाली बघ."

दादाचे ओठ हलले. "किती... सेकंद?"

"अर्धा पण नाही रे."

तो हसला. दात लालभडक.

चार मिनिटांनी फोन वाजला. ड्रायव्हर जाम खुशीत होता. "ताई, पोचलो पण बघा! मात्र इथे तर कुलूप आहे."