मोरीची कडी

"त्र्याऐंशीचा वर्ल्डकप सगळ्यांनी टीव्हीवर बघितला, सिस्टर. मी मोरीत बसून जिंकून दिला!"

बायपास माझी होणार होती आणि भाव अच्युत खात होता.

पण तो खोटं बोलत नव्हता. फायनल आम्ही मित्र माझ्या घरी बघत होतो. आपण एकशे त्र्याऐंशीत गारद, समोर वेस्ट इंडीज. आशा कुणालाच नव्हती. अच्युत पाय धुवायला मोरीत गेला आणि विकेट पडली. तो बाहेर आला की चौकार. शेवटी मीच त्याला आत ढकलून बाहेरून कडी घातली, ती दहावी विकेट पडेपर्यंत काढली नाही. आम्ही नाचत होतो आणि हा पालथ्या बादलीवर बसून ओरडत होता, "अरे, कोण आउट झालं?" त्याबद्दल अजून त्याच्या शिव्या खातोय.

सिस्टर हसत हसत गेल्या. अच्युतनं माझी चादर उगाच सारखी केली.

"उद्या कितीला नेणार?"

"नऊला. येशील ना?"

"नाही रे. घरी काम आहे."

इतक्या वर्षांचा मित्र, आणि म्हणे घरी काम! मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शुद्धीवर आलो तेव्हा बायको उशाशी होती. "सगळं नीट झालं," ती म्हणाली.

"अच्युत आला होता?"

"नाही. भावोजींच्या बायकोचा दोनदा फोन आला. ते सकाळी नऊपासून बाथरूममध्ये बसलेत. तिला बाहेरून कडी घालायला लावलीय. विचारतेय, आता काढू का?"