खिळ्यावरची रोटी

वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करून घ्यायला मी ताश्कंदला निघाले, तेव्हा आईने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे रोटीचा एक घास खायला लावला आणि उरलेली खिळ्याला टांगली. “परत येऊन संपवायची हं.” शेजारच्या खिळ्यावर बाबांची रोटी चार वर्षं वाळून दगड झाली होती; इस्पितळातून ते परतलेच नव्हते. पाचव्या दिवशी मी कशीबशी घरी आले. आता पोटाला चार चमचे शोरब्यानेच तडस लागत होती. आईने माझी रोटी काढून पुढे धरली. “खा, सनोबर. त्याशिवाय तू परतलीस असं मी मानणार नाही.” “महिनाभर फक्त पातळ, आई. आतले टाके उसवतील.” “कणभर?” “कणभरही नाही.” तिने वळून बाबांच्या रोटीकडे पाहिलं. मग माझी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि रोटीवरच डोळे वटारून म्हणाली, “थांब गं जरा. माझी पोर अजून वाटेतच आहे.”