त्याच्या वाटचा पेला

शिकवणाऱ्याने सगळ्यांची नावं विचारली. फक्त आईचं विचारलं नाही.

मारिलूच्या मनात पाल चुकचुकली. ती सेबू शहरात एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकायचं काम करायची, त्यामुळे पाल चुकचुकण्याचाच तिला पगार मिळायचा. वर्षभरात आई तिसऱ्यांदा या बेटावर यायला निघाली होती. कारण काय, तर गुडघा, काठीशिवाय चालवत नाही. इथले वैदू म्हणे झाडपाल्याने सांधे मोकळे करतात. आधीच्या दोन्ही खेपांना आई एकटीच आली होती. या वेळी मारिलूने रजा टाकली आणि सोबत आली. तर आल्यापासून आई वैदूकडे फिरकलीही नव्हती. आज सकाळी मात्र म्हणाली, "किनाऱ्यावर कॉकटेल करायला शिकवतात. चल, जरा गंमत." जिने जन्मात दारूला हात लावला नाही, तिला ही गंमत कुठून सुचली?

झावळ्यांच्या मांडवात एक लांब बाकडं होतं. त्यावर माडीचा जग, रम, आलं, शहाळी आणि कालामान्सीच्या इवल्या लिंबांची टोपली. शिकवणारे क्रिस्पुलो, सगळ्यांचे ‘नोंग’, म्हणजे थोरले दादा, साठीचे, उन्हाने रापलेले, आणि बोलायला भलते गोड. गोड बोलणाऱ्यांवर मारिलूचा विश्वास नव्हता. तिचे बाबाही गोडच बोलायचे, दुसऱ्या पेल्यापर्यंत. त्यांना शेवटी दारूने नेलं, पण त्याआधी त्याच दारूने आईची तीस वर्षं खाल्ली. आता आईच्या वाट्याला पुन्हा तसलाच कुणी येणार असेल, तर मारिलू आडवी पडायला तयार होती.

"एवढी पिळू नका बाई, सालीचा कडूपणा उतरतो," नोंग दावाओहून आलेल्या विल्माला सांगत होते. "नवऱ्यावरचा राग लिंबावर कशाला?"

"मग कुणावर काढू? हा तर पिळून पिळून कधीच संपलाय," विल्मा म्हणाली. तिचा नवरा सगळ्यात मोठ्याने हसला.

आई हसली नाही. ती फडक्याने बाकडं पुसत होती. ते फडकं कुठे टांगलेलं असतं, हे तिला कुणी सांगितलं होतं?

मग नोंगनी खाली वाकून एक वेगळी बाटली काढली. तळाशी कसल्यातरी मुळ्या होत्या. त्यातलं पाणी त्यांनी फक्त आईला दिलं. वशीकरणाच्या अशाच बाटल्या मारिलूने इथल्या बाजारात पाहिल्या होत्या. आईची नजर चुकवून तिने एक घोट घेतला. आलं, मध आणि पाणी. बाकी काही नाही. पण त्याने तिचा संशय फिटायच्या ऐवजी दुणावला. आई पीत नाही, हे या माणसाला न विचारता कसं कळलं?

सगळ्यांची पेयं तयार झाली. आता इथल्या रिवाजाप्रमाणे एकच पेला फिरणार होता. पहिला घोट नोंगनी वाळूवर ओतला, न दिसणाऱ्या आत्म्यांसाठी.

"नियम एकच," ते म्हणाले. "आलेला पेला परत पाठवायचा नाही. ज्याला झेपत नसेल, त्याचा त्याच्या घरच्या माणसाने उचलायचा. बाहेरच्याने उचलला तर उद्या गावभर बोभाटा होतो."

तिसऱ्या फेरीला विल्माच्या नवऱ्याने हात जोडले. "आणा इकडे," म्हणत तिने त्याचा पेला रिकामा केला. "लग्नात हेही आलंच."

मारिलूचं लक्ष तिकडे नव्हतं. ती नोंगना बघत होती. पेला सगळ्यांकडे जात होता, आईकडे आल्याचं पाणी जात होतं आणि नोंगची पाळी येऊन नुसतीच निघून जात होती. लोकांना पाजणारा आणि स्वतः कोरडा राहणारा माणूस सरळ नसतो, हे ती नोकरीत शिकली होती. तिने स्वतःच पेला उचलला, रमने काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"नोंग, तुमची पाळी कुठे जाते हो?"

"मी घेत नाही, पोरी. सोडली."

"शिकवता दारू, आणि सोडली? कुणासाठी?"

नोंग समुद्राकडे बघू लागले.

"घ्या ना. नियम तुमचाच आहे."

आता ते प्यायले तर बेवडे, नाही प्यायले तर लबाड. दोन्हीकडून आईचे डोळे उघडणार होते. सगळे नोंगकडे बघत होते. त्यांचा हात हळूहळू पेल्याकडे सरकला. तो थरथरत होता. ती थरथर मारिलूने लहानपणापासून पाहिली होती, जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या हाताची. सापडला एकदाचा, असं तिला वाटलं.

तेवढ्यात आई उठली. काठी जागेवरच राहिली. चार पावलं ती सरळ चालत आली आणि नोंगचा हात पोचायच्या आत तिने पेला उचलला. डोळे मिटून तिने तो एका दमात रिकामा केला. तिला जबरदस्त ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पेला तिने त्यांच्यापुढेच पालथा घातला.

विल्माने नवऱ्याचा हात घट्ट धरला. नोंगची मान खाली होती.

मारिलूला राग आला होता, लाजही वाटत होती, आणि रडायलाही येत होतं. तिने एवढंच विचारलं.

"कधी?"

आईने ते फडकं घेतलं आणि तोंड पुसलं.

"मागच्या खेपेला," ती म्हणाली. "गुडघा दाखवायला आले होते ना, तेव्हा."