प्रतवारी

सावद्याच्या केळी पॅकहाऊसमध्ये तोतारामनानांनी समोरच्या बाईच्या हातात केळीची एक फणी दिली. "सांग, भरशील का ही पेटीत?"

मोहिनीने फणी उलटी केली. "नाही नाना. चीक नीट निथळलेला नाही. चार दिवसांत काळे डाग पडतील."

नाना खूश झाले. माल निवडायच्या कामासाठी सकाळपासून नऊ जण येऊन गेले होते, एकालाही हे सांगता आलं नव्हतं. "अर्जात बारावी लिहिलंय तू. चालते. उद्यापासून ये, पोरी. आधारची झेरॉक्स ठेवून जा."

मोहिनीने घाईघाईने फाईल उघडली. फाईलमधून झेरॉक्स ओढताना तिच्यामागून लॅमिनेट केलेला एक मोठा कागद घसरला आणि टेबलावर पडला. नानांनी चष्मा लावला. मग सगळी फाईलच जवळ ओढली. एम.एस्सी. बी.एड. सेट. टेबलावर पडला होता तो पीएच.डी.चा कागद; विषय, केळीवरचे रोग.

"तुमी डॉक्टर?" नाना एकदम 'तुमी'वर आले.

"मी कोणाला सांगणार नाही, नाना. कोणालाच नाही."

"मले तं समजलं ना आता. माहा मॅनेजर दहावी नापास. तो तुमाले काम सांगीन कसा? अन् उद्या कॉलेजात लागल्या का निघून जाल."

"अकरा वर्षं कॉलेजांत मुलाखती देतेय. आता कोण घेणार मला? शाळेत म्हणतात जास्त शिकलात, दुकानातही तेच." तिने टेबलावरचा पीएच.डी.चा कागद उचलला. "हे नसतं तर ठेवलं असतं ना मला? मग नाहीच हे. बघा."

तिने तो कागद दोन्ही हातांत धरला आणि फाडायला घेतला. प्लॅस्टिक नुसतंच ताणलं. तिने कोपरा दातांत धरून ओढला. फाटेना.

"अहो मॅडम! सरस्वती हाये ती!" नानांनी कागद तिच्याकडून काढून घेतला. खांद्यावरच्या रुमालाने पुसला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी, अदबीनं तिच्यापुढे धरला.

"मॅडमसाठी चहा सांगा रे," ते दाराकडे बघून ओरडले, "अन् पुढच्याले पाठवा."