पहिली सही

अकरा वाजून दहा मिनिटांनी नोटीस तिसऱ्यांदा छापून झाली आणि तिसऱ्यांदा मास्तरांनी ती परत केली.

“वरचं नाव बघा जरा,” ते टायपिस्टकाकांना म्हणाले.

वरचं नाव वकिलांचं होतं. वकील खिडकीशी उभे राहून काही ऐकूच आलं नसल्यासारखे बाहेर बघत होते. विरोधी पक्षाच्या त्या खोलीत एकवीस सभासद दाटीवाटीनं बसले होते, पण पेनाचं टोपण एकानंही काढलं नव्हतं. पक्षाची रीतच तशी होती. पहिली सही झाल्याशिवाय दुसरी करायची नाही. आणि सरकार पडलं की पहिल्या सहीवालाच वरच्या खुर्चीत बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्या खुर्चीवर मास्तर आणि वकील, दोघांचाही डोळा होता.

दाराजवळच्या बाकावर पाणीखात्याच्या केमिस्टबाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची एक बाटली आणि चार पानी रिपोर्ट. अर्ध्या शहराला चार महिने पाजलेलं पाणी पिण्यालायक नाही, असं त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं आणि सरकारच्या प्रमुखांनी तो कागद दाबून ठेवला होता. आता घराघरांत पोरं आजारी होती आणि लोक प्रमुखांच्या नावानं बोटं मोडत होते. खुद्द त्यांच्याच पक्षातल्या सहा जणांनी निरोप धाडला होता, तुम्ही अविश्वासाची नोटीस द्या, आम्ही तुमच्या बाजूनं हात वर करतो. ताट वाढून पुढ्यात ठेवलं होतं, फक्त घास उचलायचा होता.

पण तो बाराच्या आत. अधिवेशनाचा आज शेवटचा दिवस होता. बाराच्या घंटेला तळमजल्यावरचे सचिव नोटिसा घेणं बंद करणार आणि सभागृहाला तीन महिने कुलूप. नोटिशीबरोबर रिपोर्ट दाखल झाला तर तो सभागृहाचा कागद, मग बाईंना हात लावायची कुणाची छाती नव्हती. नाही झाला, तर बाईंनी कचेरीतून पळवलेला कागद. सकाळपासून ऑफिसचे दोन फोन येऊन गेले होते. त्यांनी उचलले नव्हते.

“मास्तर, माझी नोकरी आहे हो यात,” बाई म्हणाल्या. “घरात कमावणारी मी एकटीच आहे.”

“तुम्ही बिनघोर राहा. मी आहे ना तुमच्या पाठीशी.”

“मी तर केव्हाचाच आहे,” वकील खिडकीजवळूनच म्हणाले.

टायपिस्टकाकांनी चष्मा पुसला. पंचवीस वर्षं ते याच खोलीत टायपिंग करत होते. “अकारविल्हे लावू का नावं? म्हणजे कुणाला राग नको.”

सगळ्यांना पटलं. पण आडनावानं लावली की वकील वर यायचे आणि पाळण्यातल्या नावानं लावली की मास्तर. त्यात वीस मिनिटं गेली. वकिलांनी नियमांचं पुस्तक मागवलं. मास्तरांनी आपण तुरुंगात काढलेले महिने मोजून दाखवले. “बाजारात तुरी,” काका पुटपुटले आणि पुढची म्हण त्यांनी गिळली.

पावणेबारा झाले तेव्हा बाईंना राहवलं नाही. त्या उठल्या, पिशवीतली पाण्याची बाटली काढून नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठेवली आणि बुडाभोवती पेन फिरवलं. “या गोलावर सह्या करा. सगळ्यांनी, कुठूनही. गोलाला पहिला नसतो, शेवटचा नसतो.”

मग एका म्हाताऱ्या सभासदानं टोपण काढलं आणि बाकीचे कागदावर वाकले. मास्तरांनी केली, वकिलांनीही केली. बाईंचे डोळे भरून आले. आठ मिनिटं शिल्लक होती.

नोटीस पाकिटात घातली. ते पाकीट कुणी न्यायचं, यावर वाद झाला नाही. मास्तर आणि वकील, दोघांनी एकेक कोपरा धरला. दोन मजल्यांचा जिना तसाच उतरायचा म्हणजे पाऊल जपून टाकावं लागत होतं. बाई रिपोर्ट घेऊन मागून चालल्या होत्या आणि मनातल्या मनात दोघांना ढकलत होत्या.

सचिवांनी पाकीट घेतलं नाही. त्यांनी आधी रजिस्टर पुढे सरकवलं. “देणाऱ्याचं नाव लिहा. एकच लिहायचं.” वर भिंतीवरच्या घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती.

मास्तरांनी पेन उचललं. वकिलांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, अगदी हलकेच, मित्राच्या हातावर ठेवावा तसा. दोघंही हसत होते, आणि हात कुणीच काढत नव्हतं.

“अहो, लिहा ना कुणीतरी,” बाई म्हणाल्या. “पाया पडते तुमच्या.”

घंटा झाली. सचिवांनी रजिस्टर मिटलं.

सभागृहाचं दार उघडलं आणि प्रमुख बाहेर आले. आठवडाभर झोप नसल्यासारखा चेहरा, पण आता त्यावर रंग चढत होता. पाकीट बघून ते थांबले आणि फार मायेनं त्यांनी विचारलं, “नोटीस होती म्हणे. कुणाची?”

“माझी,” मास्तर आणि वकील एकदमच म्हणाले.

प्रमुखांनी मान डोलावली. मग त्यांची नजर दोघांच्या खांद्यांमधून मागे गेली, बाईंच्या हातातल्या चार पानांवर. “आणि तो रिपोर्ट कुणाचा?”

सकाळपासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. मास्तर डावीकडे सरकले, वकील उजवीकडे.

बाई समोर एकट्याच उरल्या.

“माझा,” त्या म्हणाल्या. “खाली सही आहे. माझी एकटीचीच.”